अथेन्सच्या कपाटातल्या हिरव्या टाचण्या : ग्रीक ब्राँझचे दागिने आणि मानमरातब

पाणवठा · रविवार, सकाळी १०:१५

गेल्या ऑक्टोबरात ग्रीसला जाऊन आले. ग्रुप टूर, त्यामुळे घड्याळ टूरवाल्यांच्या हातात. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला सव्वा तास मिळाला आणि त्यातला पाऊण तास आगामेम्नॉनच्या मुखवट्यासमोर गेला. सोनंच ते, माणसं हलणार कशी! (श्लीमान या जर्मन उत्खननकाराला तो १८७६ साली मायसीनी या जुन्या ग्रीक राजनगरीत सापडला. ट्रॉयवर चालून गेलेल्या आगामेम्नॉन राजाचा तो नाहीच. ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्याही तीनेकशे वर्षं आधीचा आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं.)

गुडघे बोलायला लागले म्हणून मी गर्दीतून सटकले आणि एका कपाटासमोर टेकले. आत हिरव्या पडलेल्या लांबलचक सुया. म्हटलं, विणकामाच्या सुया इथे कशाला मांडल्यात? पाटी वाचली तर कपड्याच्या पिना, खांद्यावर लावायच्या. शेजारी सेफ्टीपिनच्या जातीच्या पिना, काही नखाएवढ्या, काहींची पट्टी तळहाताएवढी. एक प्रकार तर चक्क चष्म्यासारखा : तारेच्या दोन चकल्या शेजारी शेजारी. सगळं ब्राँझचं. गाइड जाता जाता म्हणाली, ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांचं हे. मीही मान डोलावली.

घरी आल्यावर चार महिने हाच नाद लागला, आणि आता वाटतं की गाइडचं निम्मंच खरं होतं. त्या पिना साधारण इ.स.पू. ९०० ते ७०० या काळातल्या. त्या काळात अंगावर ब्राँझ असणं हीच मुळात मिरवण्याची गोष्ट होती.

आधी कपड्याचं सांगते, नाहीतर पिनेचं महत्त्व कळत नाही. त्या बायकांचा पेप्लॉस म्हणजे लोकरीचं एक मोठं चौकोनी कापड. शिवण नाही, गुंडी नाही. अंगाभोवती घ्यायचं आणि दोन्ही खांद्यांवर पुढची-मागची कड एकत्र टाचायची. म्हणजे पिन ही हौस नव्हे, ती निघाली तर कपडाच उतरला. टाचायला हाडाची सुईही चालायची. पण खांदा ही जागा अशी की समोरच्याची नजर पहिली तिथेच जाणार. तिथे हाड आहे की धातू, हे पाणवठ्यावर उभ्या बाईला लांबूनच कळणार. (आमच्या आयडीचा संबंध नाही.)

आता धातू. ब्राँझ म्हणजे ढोबळमानाने नऊ भाग तांबं, एक भाग कथील. तांब्याचं मोठं आगर सायप्रस. कथील मात्र ग्रीसमध्ये जवळपास नाहीच, ते फार लांबून यायचं. इ.स.पू. १२००च्या सुमारास मायसीनीचे राजवाडे कोसळले, त्यांच्याबरोबर समुद्रावरचा व्यापारही आटला. पुढची दोनेकशे वर्षं बहुतेक कबरींत दोन-चार मडकी आणि एखादी पिन, एवढंच मिळतं. अशा काळात तुमच्या खांद्यावरच्या वीतभर सुईत परदेशातून आलेलं कथील आहे, याचा अर्थ तुमच्या घराचं कुणाशी तरी लांबवर देणंघेणं आहे.

आणि रंग! तो हिरवा रंग मातीचा. अडीच-तीन हजार वर्षं जमिनीत राहिल्यावर आलेला. नवं ब्राँझ पिवळं असतं, घासलं की सोन्यासारखं झळकतं. आपण कपाटात बघतो ते त्या दागिन्याचं प्रेत आहे.

धातूकाम कळणारं कुणी असेल तर प्लीज लिहा. ती चष्म्यासारखी पिन कशी वळत असतील, ते मला अजून उमगलेलं नाही.


रविवारची_मिसळ · रविवार, ११:०२

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

अवांतर : सेफ्टीपिनचं पेटंट अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या माणसाने १८४९ साली घेतलं. पंधरा डॉलरचं देणं फेडायला त्याने ती पिन वळली आणि हक्क चारशे डॉलरला विकून टाकला असं सांगतात. ग्रीक बायकांकडे ती अडीच हजार वर्षं आधीपासून होती हे बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.


पाणवठा · रविवार, ११:३०

मिसळ, त्याहून जुनी. सेफ्टीपिनच्या जातीची ही पिन (तिला फिब्युला म्हणतात) इ.स.पू. तेराव्या शतकातच दिसायला लागते. तीच युक्ती : एका टोकाला वेटोळं म्हणजे स्प्रिंग, दुसऱ्या टोकाला सुई अडकवायचा खोबणा. बिओशिया या मध्य ग्रीसमधल्या प्रांतातल्या कारागिरांनी मग तो खोबणा वाढवत वाढवत रुंद पट्टीच केला आणि त्यावर चित्रं कोरली. जहाजं, घोडे, पक्षी, हायड्रा या अनेक तोंडांच्या सापाशी लढणारा वीर हेराक्लीस. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ७००च्या आसपासची एक आहे, तिच्यावरचा चाकांचा घोडा म्हणजे ट्रॉयचा लाकडी घोडा असावा असं मानतात. कपडा टाचायला एवढी पट्टी कशाला लागते? लागतच नाही. ती बघणाऱ्यांसाठी आहे.


निळू_उंट · रविवार, दुपारी २:४५

लेख छान, पण मुद्दा पटला नाही. होमरच साक्षीला आणतो. इलियडच्या सहाव्या सर्गात ग्लाउकोस आणि डायोमीडीस हे शत्रूपक्षांतले दोन वीर रणांगणात भेटतात, वाडवडिलांची ओळख निघते, आणि मैत्रीखातर चिलखतं बदलतात. ग्लाउकोस सोन्याचं देतो, ब्राँझचं घेतो. होमर लगेच टोमणा मारतो की झ्यूसने याची अक्कल काढून घेतली होती, शंभर बैलांचा माल देऊन नऊ बैलांचा घेतला! म्हणजे सोनं ते सोनंच, ब्राँझ ते ब्राँझच. भाव स्वतः ग्रीकांनीच लिहून ठेवलाय. तुमची गाइड शंभर टक्के बरोबर होती.


पाणवठा · रविवार, रात्री ८:१०

निळूभाऊ, साक्ष चांगली आणलीत, पण उलटतपासणी घेऊ द्या.

सोनं वरचढ होतं, हे मी कुठे नाकारतेय? प्रश्न असा की नऊ बैल म्हणजे थोडं का? त्याच इलियडच्या तेविसाव्या सर्गात कुस्तीची बक्षिसं आहेत. जिंकणाऱ्याला मोठी तिवई, तिची किंमत बारा बैल. हरणाऱ्याला एक बाई, कामात तरबेज, तिची किंमत चार बैल. आता बोला, नऊ बैलांचा धातू अंगावर असलेला माणूस गरीब की श्रीमंत?

दुसरं. अथेन्सच्या अगोरातल्या, म्हणजे जुन्या बाजारचौकातल्या, छोट्या संग्रहालयात (अत्तालोसच्या पुन्हा बांधलेल्या स्तोआत, म्हणजे खांबांच्या ओवरीत) एका बाईच्या कबरीतलं सामान आहे. साधारण इ.स.पू. ८५०. १९६७ साली आरेओपागोस टेकडीच्या उताराला सापडली. अभ्यासक तिला 'श्रीमंत अथेनियन बाई' म्हणतात. तिच्याबरोबर डाळिंबाच्या आकाराचे लोलक लावलेली सोन्याची कर्णभूषणं आहेत, हजाराहून अधिक मण्यांची माळ आहे, हस्तिदंती मुद्रा आहेत. आणि ब्राँझच्या पिना नि फिब्युलाही आहेत! सोनं परवडणाऱ्या बाईने ब्राँझ का घालावं? कारण दोन्हींची कामं वेगळी. सोनं कानात, ब्राँझ खांद्यावर.

तिच्याजवळ मातीची एक पेटी आहे, झाकणावर धान्याच्या पाच कणग्यांच्या छोट्या प्रतिकृती. पुढे सोलोन या कायदेकाराच्या काळात अथेन्समध्ये सगळ्यात वरचा वर्ग ठरला तो वर्षाला पाचशे मेदिम्नोस (धान्याचं माप) धान्य पिकवणाऱ्यांचा. पाच कणग्या म्हणजे ते पाचशे माप, असा एक तर्क आहे. मला तो थोडा ओढूनताणून वाटतो, मधे अडीचशे वर्षं आहेत. पण तिच्या घरच्यांना 'आमच्याकडे धान्य भरपूर' असं सांगायचं होतं एवढं नक्की.

तिची हाडं पुन्हा तपासली तेव्हा कळलं की ती गरोदर होती. हे वाचल्यापासून त्या कर्णभूषणांकडे मला नुसतं दागिने म्हणून बघता येत नाही.


खडीसाखर · रविवार, रात्री ९:२५

तिवई बारा बैल आणि बाई चार बैल. दागिन्यांचा धागा म्हणून उघडला होता. जेवण झालं ते बरं.


तांबटआळी · सोमवार, सकाळी ७:५०

ताई, बोलावलंत म्हणून लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या तांब्या-पितळेचं काम. मी आता मशीनवर असलो तरी मठारकाम, म्हणजे ठोकून घडवणं, हातात आहे.

पहिलं, शब्द नीट करू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. आपलं कासंही तांबं-कथीलच, पण त्यात कथील जवळपास दुप्पट, वीस-बावीस टक्के. म्हणून काशाच्या वाटीला टकोरा मारला तर घंटेसारखी वाजते आणि हातातून पडली तर तडकते. पायाला तूप लावून घासायला काशाची वाटी उत्तम, पण थंड कासं ठोकून त्याची तार करायला जाल तर तुकडे होतील. दहा टक्क्यांवालं ब्राँझ मात्र ठोकता येतं. त्या लोकांनी हे प्रमाण कसं धरलं असेल? मला वाटतं रंगावरून आणि आवाजावरून. आमचे आजोबा तसंच करायचे.

दुसरं, ठोकायची तऱ्हा. ब्राँझ ठोकलं की कडक होतं, आणखी ठोकलं की चिरतं. मधेमधे ताव द्यावा लागतो, म्हणजे लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचं, मग पुन्हा ठोकायचं. तुमच्या त्या वीतभर सुईला किती ताव लागले असतील ते मोजा, तेवढं सरपण, तेवढा कोळसा, तेवढे दिवस. फिब्युलात आणखी एक खुबी. स्प्रिंगला लवचीक कडकपणा लागतो, म्हणजे शेवटचं ठोकणं झाल्यावर ताव द्यायचाच नाही. दिलात तर पिन मिटेल पण परत उघडणार नाही, सुई ढिली पडेल. हे ज्याला कळत होतं तो साधा लोहार नव्हे.

तार कशी करत असतील? आपण भोकांच्या पट्टीतून तार ओढतो. त्या काळी बहुधा पट्टी कापून, पीळ देऊन, मग दोन सपाट दगडांमध्ये लाटून गोल करत असावेत. चष्म्याची पिन मी करून बघतो. तार आहे घरी.


जुनी_वही · सोमवार, दुपारी १२:४०

उत्तम चर्चा. पिनांचा विषय निघाला आणि हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराची गोष्ट कुणीच काढली नाही, म्हणून मी काढते. पाचव्या पुस्तकात आहे.

एजिना हे अथेन्ससमोरचं बेट. तिथे दामिया आणि औक्सेसिया या दोन देवींच्या मूर्ती होत्या, अथेन्सच्या ऑलिव्हच्या लाकडाच्या. त्या मूर्ती ओढून आणायला अथेन्सवाले गेले आणि सगळे मेले. एकच माणूस परत आला. बाकीच्यांच्या बायकांना कळलं तेव्हा त्या त्याच्याभोवती जमल्या, आणि 'माझा नवरा कुठाय?' असं विचारत प्रत्येकीने आपल्या कपड्याची पिन काढून त्याला भोसकलं. असा तो मेला. अथेन्सच्या पुरुषांना, हिरोडोटस म्हणतो, युद्धातल्या पराभवापेक्षा हे जास्त भयंकर वाटलं. शिक्षा म्हणून त्यांनी बायकांचा पोशाखच बदलला. पेप्लॉस बंद, आयोनियन तऱ्हेचा तागाचा खितॉन (शिवलेला झगा) चालू, म्हणजे पिनाच लागणार नाहीत.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. अथेन्सच्या नाकावर टिच्चून आर्गोस (अथेन्सचं वैरी शहर) आणि एजिनाच्या लोकांनी नियम केला की आपल्या बायकांच्या पिना यापुढे दीडपट लांब असतील! शिवाय बायकांनी त्या देवींना मुख्यतः पिनाच वाहायच्या, आणि अथेन्सचं मडकंसुद्धा देवळात आणायचं नाही. हिरोडोटसच्या वेळेपर्यंत तिकडच्या बायका लांब पिना लावत होत्या म्हणे.

गोष्ट जशीच्या तशी खरी मानायची गरज नाही. पण पिनेची लांबी बघून ही बाई कुठल्या गावची आणि कुणाच्या बाजूची हे कळत होतं, एवढं तर त्यातून निघतंच. निळूभाऊ, हा मान बैलांत मोजता येत नाही.

ईडिपस राजाही आठवा. सोफोक्लीसच्या नाटकात तो डोळे फोडून घेतो ते त्याच्या राणीच्या, योकास्ताच्या, कपड्यावरच्या पिनांनी. तिथे त्या सोन्याच्या आहेत, राणीच ती. प्रेक्षकांना 'एवढीशी पिन डोळ्यात कशी जाईल' असा प्रश्न पडला नसणार. त्यांनी आज्यांच्या पिना पाहिल्या होत्या.


रविवारची_मिसळ · सोमवार, १२:५५

सुन्न. ट्रेनमध्ये गर्दीत सेफ्टीपिन हातात धरून उभ्या राहणाऱ्या माझ्या मावशीला ही गोष्ट पाठवतोय.


निळू_उंट · सोमवार, संध्याकाळी ६:३०

बरं, ब्राँझ म्हणजे गरिबी हे मागे घेतो. पण दुसरी शंका आहे. कबरीत सापडलं म्हणजे ती बाई ते घालत होती कशावरून? पुरणारे घरचे, शेजाऱ्यांना दाखवायला घातलं असेल. आपल्याकडे लग्नात एक ग्रॅमवाले दागिने भाड्याने आणून हळदीपासून वरातीपर्यंत मिरवतात, त्यावरून तीन हजार वर्षांनी कुणी नवरीची सांपत्तिक स्थिती काढली तर?


पाणवठा · सोमवार, रात्री ९:००

शंका रास्त आहे, आणि यावर तज्ज्ञही भांडतात. माझं म्हणणं : दाखवायला घातलं असेल तरी दाखवण्याजोगं काय होतं ते कळतंच ना! आणि भाड्याचे दागिने कुणी जमिनीत पुरत नाही, परत द्यावे लागतात. पुरणं म्हणजे तो धातू कायमचा सोडणं. कथील मिळत नाही अशा काळात.

या सोडण्याचंच पुढे विलक्षण काहीतरी होतं. इ.स.पू. आठव्या शतकात कबरींतला धातू कमी व्हायला लागतो आणि देवळांत प्रचंड वाढतो. पुरातत्त्वज्ञ अँथनी स्नॉडग्रास यांनी आकडे मांडून हे दाखवलं. उत्तर ग्रीसमधल्या थेसलीत फिलिया नावाच्या देवस्थानात नवव्या शतकातल्या फिब्युला दोन. आठव्या शतकातल्या, सातव्याचा थोडा भाग धरून, सतराशेच्या वर. ऱ्होड्स बेटावरच्या लिंडोसच्या देवळात ५२ वरून दीड हजाराच्या पुढे. आर्गोसच्या हेरा मंदिरात लांब पिना अडीचशेच्या आसपास होत्या, त्या तीन हजारांच्या घरात. एका शतकात! पूर्वी जे आपल्या माणसाबरोबर पुरायचं ते आता सगळ्या गावासमोर देवीला वाहायचं. मोठेपणा दाखवायची जागा बदलली.

काही वाहिलेल्या पिना एवढ्या लांब आणि जड आहेत की त्या कापडात घातल्या तर कापडच फाटेल. त्या वापरायच्या नव्हत्याच, मुद्दाम देवीसाठी घडवलेल्या.

इथे मला एक गोष्ट फार उशिरा सुचली. कदाचित बायका नुसत्या पिना वाहत नव्हत्या, वस्त्र वाहत होत्या, पिनांसकट. लोकर कुजली, ब्राँझ राहिलं. अथेन्सजवळच्या ब्राउरॉनच्या आर्टेमिस देवीला वाहिलेल्या वस्त्रांच्या याद्या इ.स.पू. चौथ्या शतकात दगडावर कोरलेल्या मिळतात, देणारीच्या नावासकट. ही चाल जुनी असेल तर त्या तीन हजार हिरव्या सुया म्हणजे न दिसणारी कपड्यांची केवढी तरी मोठी रास. आणि ती लोकर बाईने स्वतः कातलेली, स्वतः विणलेली.

देवळात जागा भरली की जुनं सामान खड्ड्यात पुरायचे, पण आवारातच. देवाचं ते देवाचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही. आज आपल्याला जे सापडतं त्यातलं पुष्कळसं या खड्ड्यांच्या कृपेने.


खडीसाखर · सोमवार, रात्री १०:१५

पुरुष काय घालायचे? की त्यांचा मान फक्त बैलांत?


जुनी_वही · मंगळवार, सकाळी ९:३०

खडीसाखर, घालायचे की. ओडिसीच्या एकोणिसाव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस पेनेलोपीला सांगतो की मी तुझ्या नवऱ्याला पाहिलंय. ती खूण विचारते. तो सांगतो, जांभळा दुहेरी झगा, त्यावर सोन्याची पिन, पिनेवर हरणाचं पाडस पंजात धरलेला कुत्रा. ती रडते, कारण ती पिन तिनेच लावून दिली होती. तिथे पिन म्हणजे ओळखपत्र. अठराव्या सर्गात तिला मागणी घालणारे भेटी आणतात त्यात पेप्लॉसबरोबर सोन्याच्या बारा पिना आहेत. बारा! दोन पुरतात.

पण हे सगळं काव्यातलं सोनं. होमर वीरांना सोनं घालतो, जमीन मात्र जास्त करून ब्राँझ देते. गंमत म्हणजे इलियडच्या अठराव्या सर्गात देवांचा लोहार हेफेस्टस आठवण सांगतो की समुद्राखालच्या गुहेत नऊ वर्षं लपून मी पिना, वळी, माळा घडवल्या, तेव्हा तिथे 'घडवणं' यासाठी वापरलेलं क्रियापद खाल्कोस म्हणजे तांबं-ब्राँझ या शब्दावरून आलंय. म्हणजे दागिने घडवणं आणि ब्राँझ घडवणं एकाच शब्दात.

आता ब्राँझची जात कशी उतरली तेही लिहिते, नाहीतर निळूभाऊंवर अन्याय होईल. थुकिडिडीस हा इतिहासकार लिहितो की अथेन्सच्या जुन्या श्रीमंत घरांतले म्हातारे केसांच्या बुचड्यात सोन्याचा रातकिडा खोचायचे आणि ही चाल सुटून फार दिवस झाले नाहीत. म्हणजे त्याच्या काळाच्या, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या, थोडं आधीपर्यंत मिरवायचं तर सोनं. लोक्री या इटलीतल्या ग्रीक नगरीच्या झालेउकोसचा कायदा तर असा सांगतात की सोन्याचे दागिने आणि जांभळ्या काठाचं वस्त्र गणिकेशिवाय कुणी घालू नये. बंदी न घालता बंदी, हुशार माणूस! आणि इ.स.पू. ४०५ साली विनोदी नाटककार ॲरिस्टोफनीस आपल्या नाटकात शहरातल्या हलक्या पुढाऱ्यांना काल-परवा पाडलेल्या भिकार ब्राँझच्या नाण्यांची उपमा देतो. युद्धात अथेन्सची चांदी संपली होती, नाण्यांवर नुसता चांदीचा मुलामा असायचा. आठव्या शतकात जो धातू देवीपुढे ठेवायचे तो पाचव्याच्या शेवटी शिवी झाला.


तांबटआळी · मंगळवार, सकाळी ९:५५

आणि पितळ? ते कुठेच येत नाही का?


जुनी_वही · मंगळवार, १०:२०

येतं, थाटात येतं! अफ्रोडाइटीच्या एका छोट्या स्तोत्रात ती समुद्रातून वर येते तेव्हा ऋतुदेवता तिच्या कानात फुलं घालतात, 'ओरिखाल्कोस आणि मोलाचं सोनं' यांची. ओरिखाल्कोस म्हणजे 'डोंगरातलं तांबं', पुढच्या काळात हा शब्द पितळेसाठीच आहे. जस्त काढणं अवघड, म्हणून ते तेव्हा दुर्मीळ. देवीच्या कानात सोन्याच्या पंगतीला पितळ बसलं होतं.


तांबटआळी · मंगळवार, १०:२४

हे प्रिंट काढून दुकानात लावतो.


पाणवठा · मंगळवार, दुपारी ३:१०

याच न्यायाने लोखंडही. इ.स.पू. १०५० ते ९०० या काळात अथेन्सच्या कबरींत अशा पिना मिळतात की सुई लोखंडाची आणि तिच्यावरचा मणी ब्राँझचा. आज बघताना वाटतं काटकसर केली. उलट आहे! लोखंड तेव्हा नवलाईचं होतं, ते अंगावर दाखवायचं होतं. पुढे लोखंड कोयत्या-नांगरात गेलं आणि दागिन्यातून उतरलं.

उत्तरेकडचंही सांगायचं राहिलं. मॅसिडोनियात वेर्गीनाला राजा फिलिपची (अलेक्झांडरच्या वडिलांची) सोन्याची अस्थिपेटी सापडली ती सगळ्यांना माहीत आहे. पण ती शोधणाऱ्या त्याच मानोलिस आंद्रोनिकोस यांनी त्याआधी तिथली जुन्या काळातली कितीतरी मातीची थडगी खणली होती. त्यातल्या बायकांच्या अंगावरचं ब्राँझ बघाल तर छाती दडपेल : केसांत तारेच्या लांब नळ्या, हातभर वेटोळ्यांची वळी, खांद्यांवर चष्म्याच्या मोठमोठ्या पिना. काहींजवळ तर दुहेरी कुऱ्हाडींची तिहेरी जोडणी आहे. ती धर्मकार्यातल्या अधिकाराची खूण असावी. तिथे ब्राँझ चालताना वाजत असणार. माणूस दिसायच्या आधी ऐकू येणार.


पंचगंगाकाठ · मंगळवार, संध्याकाळी ७:४५

थोडं अवांतर, पण ग्रीक ब्राँझ बघायला अथेन्सलाच जायला पाहिजे असं नाही. आमच्या कोल्हापुरात टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, पंचगंगेच्या काठी, भांड्याकुंड्यांबरोबर सापडली. घडण ग्रीक वळणाची, पण काळ रोमन व्यापाराचा, म्हणजे ताईंच्या पिनांपेक्षा सात-आठशे वर्षं तरी अलीकडचा. समुद्राचा देव घाट चढून कोल्हापूरला कुणी आणला आणि कशासाठी, देव म्हणून की शोभेची वस्तू म्हणून, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत.

लहानपणी शाळेच्या सहलीत तो बघितला होता. सर म्हणाले 'हा त्यांचा वरुण', आणि आम्ही रांगेत नमस्कार करून पुढे गेलो.


निळू_उंट · मंगळवार, रात्री ८:३०

पंचगंगाकाठ, पुढच्या खेपेला कोल्हापूरला आलो की आधी वरुण, मग मिसळ.

पाणवठा ताई, हरलो असं म्हणणार नाही, पण नऊ बैलांवर समाधान मानतो.


तांबटआळी · बुधवार, रात्री ११:१०

पिन झाली. म्हणजे तिसरी झाली, पहिल्या दोन गेल्या.

कृती सांगतो. बाजारात मिळणारी फॉस्फर ब्राँझची तार घेतली. ताईंनी फोटोत दाखवलेल्या पिनेत तारेची दोन्ही टोकं चकल्यांच्या मध्यातून मागे येतात. एक टोक सुई, दुसरं आकडा. म्हणजे एकच अखंड तार, मधे इंग्रजी आठसारखा पीळ. मी पहिल्यांदा मधल्या पिळापासून बाहेर वळत गेलो. चूक. शेवटी सुईला तार कुठून काढणार? सुरुवात मध्यातून करायची, आणि वळायच्या आधी सुईपुरतं बोटभर टोक सरळ सोडायचं. म्हणजे पहिलं वेटोळं घालायच्या आधीच त्या कारागिराच्या डोक्यात पूर्ण पिन तयार असली पाहिजे. दुसऱ्या खेपेला सगळं जमलं, पण मी ताव द्यायचा आळस केला आणि शेवटच्या वेढ्याला सुई मुळाशी मोडली. तिसऱ्याला दोनदा ताव दिला. दोन चकल्या, प्रत्येकी नऊ वेढे, तार अंदाजे सव्वा मीटर लागली. तीन संध्याकाळी गेल्या, त्यात गॅसची शेगडी आणि तयार तार. कोळसा आणि ठोकून केलेली तार असती तर पंधरा दिवस धरा.

या तारेत कथील कमी असतं, म्हणून रंग लालसर पिवळा येतो. दहा टक्क्यांची असती तर आणखी पिवळी झाली असती. चिंच लावून घासली आणि टेबलावर ठेवली. बायकोने चहा आणला, पिन उचलून दिव्याखाली धरली, आणि मला विचारते, 'हे रोझ गोल्ड कधी घेतलंत? पावती कुठाय?'

फोटो उद्या उजेडात काढून टाकतो. सध्या पिन तिच्या शालीला आहे, काढून द्यायला तयार नाही.